तार वाचली, माणसाचं काय?

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही ३९ आणि ४३ हे दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, त्यातले किती उघडले हे सकाळच्या चहाबरोबर विचारलं जातं. त्याच घरात जिन्याखाली, दारामागे किंवा कॅलेंडरच्या आड एक पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी असते. वायरमन तिला डीबी म्हणतात, घरातले ‘मेन बोर्ड’ म्हणतात. त्या पेटीशी निगडित असलेला ३० हा आकडा मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. तो आहे मिलिअँपिअरचा. पूर दरवर्षी येत नाही. ओल्या हाताने गिझरचा नळ मात्र रोज सोडला जातो.

माणसाच्या अंगातून साधारण अर्धा मिलिअँपिअर प्रवाह गेला की मुंग्या आल्यासारखं वाटतं. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी स्वयंसेवकांवर याचे प्रयोग केले होते. हात सोडवता येण्याची सरासरी मर्यादा त्यांना पुरुषांमध्ये सुमारे १६ आणि स्त्रियांमध्ये सुमारे साडेदहा मिलिअँपिअर आढळली. ३० च्या पुढे प्रवाह काही काळ चालू राहिला तर हृदयाचे ठोके विस्कटण्याचा धोका सुरू होतो. आता ओल्या अंगाचा, अनवाणी, फरशीवर उभा असलेला माणूस घ्या. हातापासून पायापर्यंत त्याचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून २३० मिलिअँपिअर जातील. जुन्या पिवळ्या बल्बला लागतो तेवढाच हा प्रवाह, आणि माणसाला मारायला तो पुरेसा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत शेत, कारखाना, रस्ता, घर असे सगळे मिळून विजेच्या धक्क्याचे दहा हजारांहून जास्त मृत्यू दरवर्षी नोंदले जातात.

घराच्या बोर्डात १६ अँपिअरची एमसीबी असते. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणूस २३० मिलिअँपिअरला जातो आणि एमसीबी १६,००० पर्यंत गप्प बसते. हा तिचा दोष नाही, ती त्या कामासाठी केलेलीच नाही.

जर्मनीत मानहाइमच्या हुगो श्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये फ्यूजच्या जागी पुन्हा पुन्हा वापरता येईल असा छोटा स्वयंचलित स्विच केला. आजची एमसीबी त्याच वंशातली. तिच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक द्विधातूची पट्टी, जी जास्त प्रवाहाने हळूहळू तापून वाकते आणि खटका पाडते. दुसरी चुंबकाची गुंडाळी, जी शॉर्टसर्किटच्या प्रचंड प्रवाहाने क्षणात खटका ओढते. दोन्हींचं काम तारेचं आवरण वितळू न देणं, आग लागू न देणं. चिनीमातीच्या जुन्या किटकॅट फ्यूजचंही तेच काम होतं. फक्त तो उडाला की लोक वायरीतली जाड तार सोलून त्यात घालत आणि ते काम तिथेच संपे. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत लाकडी फळीवर बसवलेले असे फ्यूज अजून दिसतात. वर कौलं, खाली लाकडी तक्तपोशी, आणि फ्यूजमध्ये चार पदरी तांब्याची तार. या घरांतले बोर्ड आधी बदलायला हवेत.

पण फ्यूज काढून चकचकीत एमसीबी बसवल्या की घर सुरक्षित झालं, हा समज मला त्याहून जास्त चिंतेचा वाटतो. कारण तो फार रूढ आहे आणि नव्या घरांतही आहे.

“अर्थिंग आहे ना, मग झालं!” हे वाक्य बांधकामावर हमखास ऐकू येतं. त्याचा हिशेब मांडून पाहू. गिझरच्या आतली फेज सुटून पत्र्याला लागली. पत्र्याला हिरवी अर्थची तार जोडलेली आहे, ती घराच्या खड्ड्यात गेली आहे. प्रवाह खड्ड्यातून मातीत उतरतो आणि मातीतूनच महावितरणच्या रोहित्राच्या अर्थिंगपर्यंत पोचतो. घराच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आणि रोहित्राचा २ ओहम धरा. २३० भागिले २२, म्हणजे साडेदहा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी साडेदहा अँपिअरला कधीच पडणार नाही. तोवर गिझरच्या पत्र्यावर, आणि त्याला जोडलेल्या धातूच्या नळावर, सुमारे २०९ व्होल्ट उभे असतात. गिझर चालू आहे, पाणी तापतं आहे, बोर्ड शांत आहे.

खड्डा चांगला घेऊ, ५ ओहमचा. प्रवाह जवळपास ३३ अँपिअर होतो. सी प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीची चुंबकी यंत्रणा ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान जागी होते, त्यामुळे ती हलत नाही. पट्टी तापून एमसीबी पडायला अर्धं-एक मिनिट, कधी त्याहूनही जास्त लागू शकतं. तेवढा वेळ पत्र्यावर १६० पेक्षा जास्त व्होल्ट. कुणाचा तरी हात त्याला लागायला एक मिनिट फार होतं.

आणि ५ ओहमचा खड्डा सगळीकडे मिळत नाही. करवीर, शिरोळ, हातकणंगल्याच्या नदीकाठच्या काळ्या मातीत ओल टिकते, तिथे अर्थिंग सहज चांगलं लागतं. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडे जांभा लागला की गणित बदलतं. पावसाळ्यात तो ओला असतो, एप्रिल-मे महिन्यात कोरडा ठणठणीत. म्हणून अर्थिंगचं मोजमाप उन्हाळ्यात घ्यावं. पावसाळ्यात घेतलेला आकडा खोटा दिलासा देतो. अर्थिंगसाठीच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकात खड्ड्याची रचना दिलेली आहे: अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. आता बेंटोनाइटसारखं ओल धरणारं मिश्रण वापरून केलेले खड्डेही मिळतात. अनेक घरांत मात्र खड्डा बांधकामाच्या राडारोड्यात बुजवलेला असतो आणि त्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. काही ठिकाणी हिरवी तार पाण्याच्या नळाला गुंडाळून दिलेली असते. नळ लोखंडी होते तेव्हाही ते चूक होतं, आता पीव्हीसीच्या नळाला गुंडाळलेली तार ही नुसती शोभा.

म्हणून बोर्डात एमसीबीच्या आधी गळती ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी लागते. तिचं तत्त्व इतकं साधं आहे की एकदा कळलं की विसरत नाही. जोतिबाच्या यात्रेला घरातून निघालेली माणसं मोजावीत आणि परत आलेली मोजावीत, आकडा जुळला नाही की कुणीतरी वाटेत मागे राहिलं. आरसीसीबीमध्ये फेज आणि न्यूट्रल एकाच लोखंडी कड्यातून जातात. जेवढा प्रवाह फेजमधून गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला तर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं. ३० मिलिअँपिअर जरी वाट चुकून पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसातून जमिनीत गेले, तरी कड्यात चुंबकत्व उरतं आणि खटका पडतो. मानकाप्रमाणे ३० मिलिअँपिअरच्या गळतीला जास्तीत जास्त ०.३ सेकंद, आणि त्याच्या पाचपट गळतीला ०.०४ सेकंद. हृदयाच्या एका ठोक्यापेक्षा हा वेळ कमी आहे.

वरचा २० ओहमचा खड्डा पुन्हा घ्या. गिझरची फेज पत्र्याला लागताच साडेदहा अँपिअर जमिनीत जाऊ लागतील, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या साडेतीनशेपट. आरसीसीबी तिथल्या तिथे पडेल, कुणी गिझरला हात लावायच्या आधी. जांभ्यातला अगदी वाईट, शंभर ओहमचा खड्डा असला तरी ती पडेल. चांगलं अर्थिंग हवंच, पण वाईट अर्थिंगमध्येही जीव वाचवणारं हे एकच साधन पेटीत आहे.

हे साधन काही कालपरवाचं नाही. दक्षिण आफ्रिकेत १९५०च्या दशकात सोन्याच्या खाणींतल्या अपघातांमुळे हेन्री रुबिन यांनी अशी संवेदनशील यंत्रणा विकसित केली. ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर यांनी त्याच काळात त्यावर काम केलं; धक्क्याचे परिणाम मोजायला त्यांनी स्वतःच्या अंगातून प्रवाह घालून पाहिला होता. डालझिएल यांनी १९६१ मध्ये अमेरिकेसाठी ५ मिलिअँपिअरला तुटणारी यंत्रणा केली. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत ५ किलोवॅट आणि त्यावरच्या जोडणीला गळती-संरक्षण सक्तीचं होतं. २०२३ च्या विनियमांत ही मर्यादा २ किलोवॅट आहे आणि घरगुती जोडणीसाठी गळतीचा उंबरठा ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त नको, असं स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो पाहा. एक गिझर आणि एक इस्त्री एकदम लावली की २ किलोवॅट ओलांडतात. माझं मत विचाराल तर एका खोलीच्या, पत्र्याच्या छपराच्या घरालाही आरसीसीबी हवी. तिथे फरशी ओली असण्याची शक्यता जास्त आणि गळतीचा पत्रा अंगाजवळ.

आरसीसीबीला दोन गोष्टी येत नाहीत, त्याही सांगायला हव्यात. जास्त लोडवर ती पडत नाही, म्हणून तिच्यासोबत एमसीबी लागतेच. दोन्ही कामं एकात करणारं आरसीबीओ नावाचं उपकरणही मिळतं. आणि कुणी एका हाताने फेज, दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर तिच्या मोजणीत प्रवाह बरोबर परत येतो आहे असंच दिसतं. ती पडत नाही.

आता खरी अडचण. बोर्डात बसवलेली आरसीसीबी पुष्कळ घरांत काही महिन्यांतच बाजूला केलेली सापडते. “सारखी पडतीया, काढून टाकली,” असं सांगितलं जातं. ती सारखी पडते याची दोन कारणं असतात. एक, घरात खरोखर गळती आहे: गिझरची कॉइल, पाण्याच्या मोटारीची जुनी गुंडाळी, ओल्या भिंतीतला सांधा. ती हेच तर सांगत असते. दुसरं, आणि फार जास्त आढळणारं, न्यूट्रलची सरमिसळ. वरच्या मजल्याच्या दिव्याची फेज एका आरसीसीबीतून आणली, न्यूट्रल मात्र जवळ पडते म्हणून खालच्या सर्किटची उचलली. मोजणी जुळणार कशी? प्रत्येक आरसीसीबीच्या पुढची न्यूट्रल तिच्या स्वतःच्या न्यूट्रल पट्टीवर यायला हवी, आणि ती पुढे कुठेही अर्थला किंवा दुसऱ्या न्यूट्रलला टेकता कामा नये. हे सुधारायला वायरमनचा एक दिवस जातो. बायपास करायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांना नकार देणारा वायरमन मिळाला तर त्याला सोडू नका.

सगळं घर एकाच आरसीसीबीवर ठेवलं की गळती कुठेही झाली तरी फ्रीजपासून जिन्याच्या दिव्यापर्यंत अंधार होतो आणि माणसं वैतागतात. दोन घ्याव्यात. एकीवर गिझर, मोटार, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघर. दुसरीवर दिवे, पंखे, फ्रीज. वॉशिंग मशीन, इंडक्शन, इन्व्हर्टर एसी अशा इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या सर्किटसाठी ‘ए’ प्रकारची मागावी. साधी ‘एसी’ प्रकारची त्यांची गळती नीट ओळखेलच असं नाही. आणि तिच्यावरचं ‘टी’ अक्षराचं बटण महिन्यातून एकदा दाबावं. वर्षानुवर्षं न हललेला खटका ऐनवेळी अडकू शकतो.

बोर्डातली बाकीची मांडणी मी भराभर सांगतो, कारण चांगल्या वायरमनला ती येते. तुम्हाला फक्त तपासता आली पाहिजे. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको, पॉवरच्या सर्किटवर दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेला १० अँपिअरची एमसीबी, अडीचच्या तारेला १६ ची. एमसीबी तारेवरून ठरते, उपकरणावरून नाही. एसी लावल्यावर एमसीबी पडते म्हणून अडीचच्या तारेवर ३२ ची एमसीबी बसवणं म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालण्याचीच नवी पद्धत. दिवे आणि गिझर यांना बी प्रकार, मोटारीला सी. फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच कधीही नको. तो उघडला की दिवा विझतो आणि तार जिवंतच राहते. माल घेताना आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहता येतो.

सैल स्क्रूवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण बोर्ड जळण्याचं सर्वांत सामान्य कारण तेच आहे. सांध्यात एक दशांश ओहम रोध आला आणि त्यातून २० अँपिअर गेले, तर त्या एका बिंदूवर ४० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नइतकी, तीही बंद पेटीत, प्लॅस्टिकला टेकून. यावर ना एमसीबी पडते ना आरसीसीबी, कारण प्रवाह जास्तही नाही आणि गळतही नाही. पदरी तारेचं टोक नुसतं पिळून खोबणीत न खुपसता त्यावर लग दाबून बसवावा. मीटरकडून येणारी ॲल्युमिनिअमची तार बोर्डातल्या तांब्याला थेट जोडू नये, त्यासाठी द्विधातूचा लग असतो. एका एमसीबीवरून दुसरीवर तारेचे तुकडे फिरवण्यापेक्षा अखंड पट्टी (बसबार) घ्यावी. नवीन बोर्ड महिनाभर चालल्यावर मेन बंद करून सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्यावेत. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, तर उदबत्तीचा असेल म्हणून सोडू नका.

जागा कुठली? बोर्ड जमिनीपासून दोन मीटरपेक्षा उंच नको, सिंक किंवा गॅसच्या वर नको आणि त्याच्यासमोर मीटरभर मोकळी जागा हवी. जिन्याखालच्या बोर्डासमोर पोती, सायकल, गणपतीचं मखर असं सगळं उभं असतं. रात्री धूर भरला तर तिथे हात कसा पोचणार? बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीत, जिथे रंगाला पापुद्रे सुटले आहेत, तिथे तर बोर्ड नकोच. न वापरलेली भोकं बंद करावीत. पावसाळ्यात उबेला आलेली पाल बसबारवर चढून शॉर्टसर्किट झाल्याच्या गोष्टी प्रत्येक वायरमनकडे असतात.

पूरपट्ट्यात हे दोन मीटर पुरत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ च्या. शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, तिकडे आंबेवाडी, चिखली, शिरोळ तालुक्यातली गावं. तळमजल्यावरचे बोर्ड पाण्याखाली गेले. अशा घरांसाठी मला एकच मांडणी पटते. मुख्य बोर्ड वरच्या मजल्यावर किंवा माळ्याच्या जिन्याच्या वरच्या टोकाला, आणि तळमजल्याची सगळी सर्किटं एका वेगळ्या स्विचवर. पाणी अंगणात आलं की तळमजला बंद करता येतो आणि वर दिवा, मोबाइलचं चार्जिंग चालू राहतं, जोवर महावितरण पुरवठा ठेवेल तोवर. तळमजल्यावरचे सॉकेट पूररेषेच्या वर घ्यावेत, तारा खालून वर न आणता वरून खाली सोडाव्यात. मीटरची पेटी उंच घ्यायची असेल तर ते काम महावितरणकडे अर्ज करूनच. मीटर आणि त्याचं सील त्यांचं आहे, तिथे खासगी हात लागता कामा नये.

तळमजल्याच्या बोलण्यात गोठा सुटतो. या जिल्ह्यात दूध संघ घराघरात पोचला आहे आणि पुष्कळ ठिकाणी गोठा घराच्या भिंतीला लागून असतो. घराच्या बोर्डातून एक वायर बांबूवरून ओढून दिवा आणि कडबाकुट्टीचं मशीन चालवलं जातं. शेणामुताने ओली जमीन, लोखंडी दावणी, आणि पुढच्या-मागच्या पायांत मोठं अंतर असलेलं जनावर: जमिनीतून पसरलेल्या प्रवाहामुळे पडलेला, माणसाला जाणवणार नाही एवढा व्होल्टेजचा फरक म्हशीला मारू शकतो. गोठ्याला स्वतःची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, पाण्याला बंद असलेली पेटी आणि पाइपातून नेलेली, अर्थच्या तारेसकटची वायर हवी. एका दुभत्या म्हशीच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे.

इन्व्हर्टरही असाच मागाहून जोडला जातो. ज्या सर्किटांना तो जोडला त्यांची न्यूट्रल वेगळी न केल्यास आरसीसीबी सतत पडते, आणि मग पुन्हा तिचाच बळी जातो. त्याहून गंभीर म्हणजे उलटा पुरवठा. जनरेटर किंवा इन्व्हर्टर चेंजओव्हर स्विचशिवाय मेनला जोडला, तर बंद लाइनवर चढलेल्या लाइनमनपर्यंत वीज पोचू शकते. छतावर सौर पॅनेल असेल तर त्याचा इन्व्हर्टर बाहेरचा पुरवठा गेल्यावर स्वतः बंद होतो का, हे बसवणाऱ्याकडून प्रत्यक्ष करून घ्या. बोर्डावर ‘दोन बाजूंनी पुरवठा’ अशी मराठीत मोठी पाटी लावावी. वळवाच्या विजांसाठी सर्ज संरक्षक बसवणार असाल, तर तो अर्थिंगशिवाय निरुपयोगी आहे, एवढं ध्यानात ठेवा.

हे काम करायचं कुणी? दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलणं याला कायद्याची आडकाठी नाही. नवी वायरिंग, बोर्ड, वाढीव सर्किट हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या वायरमनकडे ‘तारतंत्री’ म्हणून स्वतःचा परवाना हवा. काम संपल्यावर ठेकेदार चाचणी अहवाल देतो, तो नव्या जोडणीच्या अर्जासोबत लागतो. या अहवालावरची सही अनेकदा घर न पाहताच होते, हे बांधकाम क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे आणि मला ते अक्षम्य वाटतं. त्या कागदावरचे आकडे म्हणजे तुमच्या घराची प्रकृती. सही होताना तुम्ही बोर्डासमोर उभे राहा आणि तीन मोजमापं डोळ्यांदेखत करून मागा: मेगरने इन्सुलेशनचा रोध, अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध, आणि आरसीसीबी टेस्टरने ती किती मिलिअँपिअरला व किती वेळात पडते ते. आरसीसीबीचं बटण दाबून दाखवणं ही तिसरी चाचणी नव्हे. बटण फक्त आतला खटका हलतो का ते सांगतं, अर्थची तार जोडलेली आहे का ते सांगत नाही. बोर्डाच्या झाकणाच्या आत कुठली एमसीबी कशाची, याची यादी चिकटवलेली असावी, घरातल्या आजीला वाचता येईल अशा अक्षरात.

पूर ओसरल्यावर घाई होते. चिखल काढून झाला, पंखा लावून बोर्ड सुकवला आणि मेन चढवला, असं होता कामा नये. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं. गाळ, मीठ, मैला एमसीबीच्या आत बसतो, बाहेरून ती कोरडी दिसते, आणि खटका अडकतो किंवा आतून ठिणगी पडते. बुडालेली एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट टाकून द्यायचे, सुकवून वापरायचे नाहीत. मदत म्हणून मिळालेल्या पैशातला पहिला हिस्सा इथे जावा. नळीतल्या तारा बहुतेकदा वाचतात. नळीतलं पाणी काढून त्यांना सुकू द्यावं आणि ५०० व्होल्टच्या मेगरने फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला रोध पाहावा. तो एक मेगओहमच्या खाली असेल तर ती तार बदलावी. वर असला तरी आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावा, कारण भिंती सावकाश सुकतात. पुरवठा सुरू करताना आधी सगळ्या एमसीबी खाली, मग मेन, मग आरसीसीबी, मग एकेक सर्किट, दोन सर्किटांमध्ये काही मिनिटं सोडून. ज्या सर्किटला आरसीसीबी पडेल ते तसंच बंद ठेवायचं आणि वायरमन येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बाहेरच्या खांबावर, मीटरमध्ये किंवा सर्व्हिस वायरीत दोष दिसला तर १९१२ वर महावितरणला कळवायचं.